कफर्णहूमचा शताधिपती आणि न झालेली भेट

शुभवर्तमानं, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांनी असलेली येशूची चरित्रं वाचताना एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. येशूचं बोलणं ऐकून, त्याची कामं पाहून लोक थक्क झाले असं पानोपानी येतं. पण खुद्द येशूला आश्चर्य वाटलं, असं फक्त दोन प्रसंगी सांगितलं आहे. एकदा नासरेथमध्ये, जिथे तो लहानाचा मोठा झाला, तिथल्या लोकांच्या अविश्वासाचं (मार्क ६:६). आणि दुसऱ्यांदा कफर्णहूममध्ये, एका परक्या फौजी अधिकाऱ्याच्या विश्वासाचं. घरच्या माणसांनी चकित केलं ते विश्वास न ठेवून, आणि परक्याने चकित केलं ते ठेवून. या दुसऱ्या प्रसंगाबद्दल इथे सविस्तर लिहिते आहे, कारण इंदूरच्या मराठी घरांमध्ये नाताळच्या गव्हाणीची गोष्ट ठाऊक असते, क्रूसाचीही असते, पण मधल्या या गोष्टी फारशा कुणी सांगितलेल्या नसतात. आणि ही गोष्ट वरवर जितकी सोपी दिसते तितकी नाही.

मत्तयाने ती आठव्या अध्यायात सांगितली आहे (८:५-१३). येशू कफर्णहूममध्ये शिरतो तोच एक शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांवरचा अधिकारी, त्याच्यापाशी येऊन विनवतो: माझा चाकर घरी पक्षाघाताने पडला आहे, फार हाल होताहेत त्याचे. येशू म्हणतो, मी येऊन त्याला बरं करतो. इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण अधिकारी म्हणतो, प्रभूजी, आपण माझ्या घराच्या छपराखाली यावं एवढी माझी योग्यता नाही. आपण नुसता शब्द बोला, माझा चाकर बरा होईल. पुढे तो आपलं कारणही सांगतो: मीही हुकमाखालचा माणूस आहे, माझ्या हाताखाली शिपाई आहेत, एकाला जा म्हटलं की तो जातो, दुसऱ्याला ये म्हटलं की तो येतो, दासाला अमुक कर म्हटलं की तो करतो. ते ऐकून येशू चकित होतो आणि मागून येणाऱ्या लोकांना म्हणतो, एवढा विश्वास मला इस्राएलात, म्हणजे आपल्या यहूदी लोकांतही कुणाच्या ठायी आढळला नाही. चाकर त्याच घटकेला बरा होतो.

हा माणूस कोण होता, हे कळल्याशिवाय गोष्टीचा चटका लागत नाही. आणि ते समजायला इंदूरकरांना फार लांब जावं लागत नाही.

६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह झाला. गादीवर होळकरच राहिले, दरबार राहिला, वसुली राहिली. पण वर कंपनी सरकार आलं. इंदूरला रेसिडेंट बसला, महूला गोऱ्यांची छावणी पडली. रेसिडेन्सी आणि छावणी ही नावं आजही आपल्या तोंडी आहेत. कफर्णहूम ज्या गालील प्रांतात होतं, तिथली व्यवस्था साधारण अशीच होती. तिथे हेरोद अंतिपा इ.स.पू. ४ ते इ.स. ३९ पर्यंत राज्य करत होता, पण रोमच्या मर्जीने आणि रोमला मांडलिक म्हणून. दक्षिणेकडच्या यहूदियावर इ.स. ६ पासून थेट रोमचा सुभेदार होता. गालीलवर तसा नव्हता. रोमच्या मोठ्या पलटणी त्या काळी वर सीरियात असत. म्हणून बरेच अभ्यासक म्हणतात, की कफर्णहूमचा हा शताधिपती रोमच्या पलटणीतला नसून अंतिपाच्या पदरचा असावा, रोमन धर्तीवर उभ्या केलेल्या फौजेतला. यशवंतराव होळकरांच्या कवायती फौजेतही युरोपीय अधिकारी होतेच की. राजा इथला, कवायत तिकडची, अधिकारी परका.

तो रोमचा असो की अंतिपाचा, दोन गोष्टी पक्क्या आहेत. तो यहूदी नव्हता. आणि तो त्या बाजूचा माणूस होता जिच्याकडे सामान्य लोक मान खाली घालून बघतात. कफर्णहूम हे गालील सरोवराच्या वायव्य काठावरचं कोळ्यांचं गाव, सरहद्दीजवळचं. तिथे जकात नाकाही होता, ज्या नाक्यावरून येशूने मत्तयाला उठवून नेलं. अशा गावात फौजी अधिकारी म्हणजे कोण, हे त्या लोकांना समजावून सांगावं लागत नव्हतं. ज्याच्याकडून काही चांगलं घेण्याची कुणाला अपेक्षा नसते, धर्माच्या बाबतीत तर मुळीच नसते, असा माणूस.

आता लूककडे वळू (७:१-१०). तिथे गोष्ट तीच आहे आणि तरी वेगळी आहे. मत्तयाच्या गोष्टीत शताधिपती स्वतः येतो. लूकच्या गोष्टीत तो येतच नाही. त्याचा आवडता दास मरणाला टेकला आहे, तर तो यहूद्यांच्या वडीलजनांना येशूकडे पाठवतो. ते येऊन आग्रहाने शिफारस करतात: हा माणूस त्या लायकीचा आहे हो, आपल्या लोकांवर त्याचं प्रेम आहे, आपलं सभास्थान (यहूद्यांचं प्रार्थनेचं ठिकाण) त्यानेच बांधून दिलं. येशू निघतो. घर जवळ येतं, तोच शताधिपतीचे मित्र पुढे येतात आणि त्याचा निरोप सांगतात: प्रभूजी, त्रास घेऊ नका, मी त्या लायकीचा नाही, म्हणून तर मी स्वतः आपल्याकडे आलो नाही, शब्द बोला. येशू चकित होतो, मागच्या गर्दीकडे वळून तेच म्हणतो, आणि निरोपे घरी परततात तो दास ठणठणीत.

आमच्या शेजारच्या काकूंना मी ही दुसरी गोष्ट सांगितली तेव्हा त्या पहिल्यांदा हेच म्हणाल्या, "अगं, म्हणजे दोघांची भेट झालीच नाही?"

"लूकमध्ये नाही झाली, काकू."

"मग कशी गं ही भेटीची गोष्ट!"

काकूंनी अगदी नेमक्या जागी बोट ठेवलं. लूकने सांगितल्याप्रमाणे त्या दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही. मध्ये वडीलजन आहेत, मित्र आहेत, गर्दी आहे, रस्ता आहे. तरीही त्या रस्त्यावर जे घडलं, ते समोरासमोर येऊन कितीतरी जणांच्या बाबतीत घडलं नाही.

मत्तय आणि लूक यांच्यातला हा फरक जुना आहे आणि त्यावर बराच खल झाला आहे. चौथ्या-पाचव्या शतकातल्या ऑगस्टीनने तो असा सोडवला, की जे दुसऱ्याकरवी केलं ते आपण केलं असं आपण सहज बोलतो. शताधिपतीने माणसं पाठवली म्हणजे तोच गेला. हे उत्तर टाकाऊ नाही. आजचे अभ्यासक वेगळ्या बाजूने बघतात. ही गोष्ट मार्कमध्ये नाही, मत्तय आणि लूक या दोघांतच आहे, आणि शताधिपतीचं ते बोलणं दोन्हीकडे जवळजवळ शब्दाला शब्द सारखं आहे. बोलणं सारखं, भोवतालची मांडणी वेगळी. यावरून दोघांच्या हाती एकच जुना मजकूर आला आणि प्रत्येकाने आपल्याला सांगायचं होतं त्यासाठी तो बसवला, असं अनेकांचं मत आहे. योहानातही (४:४६-५४) याच्याशी नातं सांगणारी एक गोष्ट आहे: राजाच्या पदरचा एक अंमलदार, कफर्णहूमला तापाने फणफणलेला त्याचा मुलगा, आणि काना गावाहून येशूने दिलेला नुसता शब्द. ती हीच गोष्ट की दुसरी, यावर एकमत नाही. मला स्वतःला हा फरक अडचण वाटत नाही. मत्तय आणि लूक दोघांनी सांभाळून ठेवलं ते शताधिपतीचं बोलणं, म्हणजे महत्त्व बोलण्याला, असं मी धरते.

तेव्हा त्या बोलण्यापाशीच थांबू या.

बहुतेक प्रवचनांमध्ये हा भाग असा सांगतात: शताधिपती म्हणाला, मी हुकूम देतो आणि माझे लोक ऐकतात, तसं तुम्ही रोगाला हुकूम द्या, तो ऐकेल. हे चुकीचं नाही, पण यात त्याच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग गळून जातो. तो "मी अधिकारी आहे" असं सुरू करत नाही. "मीही हुकमाखालचा माणूस आहे" असं सुरू करतो. आधी आपल्यावर कोण आहे ते सांगतो, मग आपल्या हाताखाली कोण आहे ते.

फौजेत राहिलेल्या माणसालाच हे सुचेल. महूच्या परिसरात फौजी कुटुंबं पुष्कळ आहेत, त्यांना हे चटकन पटतं. शिपाई शताधिपतीचं ऐकतो ते त्याच्या अंगात जोर आहे म्हणून नव्हे. ऐंशी-शंभर हत्यारबंद माणसं एका माणसाला ऐकतात, कारण त्याच्या मागे त्याचा वरिष्ठ आहे, त्याच्या मागे आणखी वरचा, आणि शेवटी ज्याच्या नावाने फौज चालते तो. शताधिपती त्या साखळीतून बाहेर पडला, तर उद्या त्याच्या "जा" म्हणण्याला कुणी विचारणार नाही. त्याच्या शब्दाला वजन आहे, कारण तो स्वतः कुणाच्या तरी आज्ञेत आहे.

आणि मग तो म्हणतो, मी*ही*. म्हणजे तुम्हीसुद्धा. या परक्या माणसाने दुरून येशूबद्दल जे ऐकलं, त्यावरून एवढं ताडलं होतं, की हा जे बोलतो ते स्वतःच्या बळावर बोलत नाही. हाही कुणाच्या तरी आज्ञेत उभा आहे, आणि ज्याच्या आज्ञेत आहे त्याची सत्ता रोगावरही चालते. शास्त्र त्याला येत नसेल, स्तोत्रं पाठ नसतील. त्याला त्याचं काम येत होतं. त्या कामातून त्याला हुकूम म्हणजे काय ते कळलं होतं, आणि तेवढ्या एका कळण्याने त्याला येशू ओळखता आला. येशूच्या शिष्यांनाही हे इतक्या लवकर उमगलं नव्हतं. मत्तयाच्या त्याच अध्यायात पुढे वादळ शमतं, तेव्हा ते एकमेकांना विचारत बसतात, वारा आणि समुद्रही याचं ऐकतात, हा आहे तरी कोण? शताधिपतीला तो प्रश्न पडत नाही.

मला हा सगळ्या गोष्टीचा गाभा वाटतो. विश्वास म्हणजे डोळे मिटून मानणं, असं आपण धरून चालतो. हा माणूस डोळे उघडे ठेवून, आपल्या रोजच्या कामाच्या हिशोबाने विचार करून, येशूच्या शब्दावर सगळा भार टाकतो. पुरावा मागत नाही, हात ठेवा म्हणत नाही. पण तो अंधपणे काहीच करत नाही.

"माझ्या छपराखाली येऊ नका" यात नम्रता आहे, हे खरंच. कॅथलिकांच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, प्रसाद घेण्याआधी सगळी मंडळी आजही हेच वाक्य म्हणतात, फक्त "चाकरा"च्या जागी "माझा आत्मा" घालून; म्हणजे एका परराष्ट्रीय फौजी अधिकाऱ्याचं बोलणं जगभर रोज प्रार्थना म्हणून उच्चारलं जातं. पण नम्रतेइतकीच त्यात एक समजूतही आहे. धर्मनिष्ठ यहूदी परराष्ट्रीयाच्या, म्हणजे यहूदी नसलेल्याच्या, घरात पाऊल टाकत नसे. लूकनेच लिहिलेल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात येशूचा शिष्य पेत्र कर्नेल्याच्या घरी जाऊन हेच सांगतो, की आम्हाला हे विहित नाही (१०:२८), आणि कर्नेल्यही शताधिपतीच आहे. कफर्णहूमच्या अधिकाऱ्याला हे ठाऊक असणार. तो त्यांच्यातच राहत होता. तेव्हा "येऊ नका" म्हणून तो येशूला अवघड जागी सापडू देत नाही. सोवळंओवळं ज्यांच्या घरात पाळलेलं आहे, उंबरा कुणी ओलांडायचा आणि कुणी नाही हे ज्यांनी आजीच्या तोंडून ऐकलं आहे, त्यांना या अदबीचा अर्थ निराळा सांगायला नको. आणि येशू तर निघालाच होता. मत्तयात तो आपणहून म्हणतो, मी येतो. उंबरा अडवला तो येशूने नाही.

मत्तयाने ही गोष्ट कुठे ठेवली आहे तेही पाहण्यासारखं आहे. तिच्या आधी एक कुष्ठरोगी आहे. त्याला कुणी शिवत नसे, येशू हात लावून त्याला बरा करतो. तिच्यानंतर पेत्राची सासू आहे, तापाने पडलेली. येशू तिच्या हाताला स्पर्श करतो. दोन स्पर्शांच्या मध्ये ही स्पर्शावाचूनची गोष्ट. म्हणजे येशूला दुरूनच बरं करायचं असतं असं नाही. समोरच्याला जे हवं ते तो देतो, आणि या माणसाने शब्द मागितला. लूकमध्ये तर आणखी नवल आहे. शताधिपती शब्द मागतो, पण येशूने "बरा हो" म्हटल्याचं लूक लिहीतच नाही. येशू चकित होतो, गर्दीशी बोलतो, आणि घरी दास बरा झालेला असतो.

लूकच्या गोष्टीत मला आणखी एक जोडी फार मोलाची वाटते. वडीलजन म्हणतात, तो लायक आहे. तो म्हणतो, मी लायक नाही. वडीलजनांचा हिशोब आपल्याला परिचयाचा आहे: देऊळ बांधून दिलं, गावाला मदत केली, आता याचं काम झालं पाहिजे. कफर्णहूमच्या अवशेषांत आज पांढऱ्या चुनखडी दगडाचं एक देखणं सभास्थान उभं आहे. ते चौथ्या-पाचव्या शतकातलं, पण त्याच्या पायात तिथल्या काळ्या बेसॉल्टच्या जुन्या भिंती आहेत, आणि त्या शताधिपतीच्या काळातल्या सभास्थानाच्या असाव्यात असं काही पुरातत्त्वज्ञ मानतात. तसं असेल, तर देणगी खरीखुरी आणि मोठी होती. तरी तो माणूस निरोपात तिचा उल्लेख करत नाही. शिफारस इतरांनी केली. त्याने स्वतः ती टेकूला घेतली नाही.

वडीलजनांबद्दलही इथे बोललं पाहिजे. मत्तयाच्या गोष्टीत येशू पुढे म्हणतो, की पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून पुष्कळ जण येऊन अब्राहाम, इसहाक, याकोब या यहूद्यांच्या पूर्वजांच्या पंगतीला बसतील आणि राज्याचे पुत्र बाहेर राहतील. हेच वचन लूकने इथे न घालता तेराव्या अध्यायात, निराळ्या प्रसंगी दिलं आहे. पुढच्या शतकांत चर्चमधल्या अनेकांनी ते यहूद्यांविरुद्ध वापरलं आणि त्याची फळं भयंकर निघाली. मूळ प्रसंगात येशू यहूदी आहे, त्याच्या मागून चालणारे यहूदी आहेत, आणि एका परक्या अधिकाऱ्याच्या दासासाठी भर रस्त्यात आर्जव करणारे वडीलजनही यहूदी आहेत. येशूचा इशारा घरच्यांना आहे: आपण आतलेच आहोत असं गृहीत धरणाऱ्यांना. आज ते वाक्य वाचताना "घरचे" म्हणजे चर्चच्या बाकावर बसणारे आम्ही. दुसरा कुणी नव्हे.

आणि तो दास? त्याचं नाव नाही, त्याचा एक शब्द नाही. तो मालकाचा लाडका आहे, बरा होतो, आणि दासच राहतो. येशूने शताधिपतीला फौज सोडायला सांगितलं नाही, दासाला मोकळं करायलाही सांगितल्याचं लिहिलेलं नाही. मला ते टोचतं, आणि टोचलं पाहिजे असंच वाटतं. मालकाचा विश्वास वाखाणताना खाटेवर पडलेल्या माणसाकडे पाठ करून चालत नाही.

त्याच माणसामुळे या उताऱ्याचा सर्वांत घातक अर्थ मात्र टळतो. तो अर्थ आपण सगळ्यांनी ऐकला आहे, चर्चमध्येही आणि देवळाच्या पायऱ्यांवरही: विश्वास असेल तर रोगी बरा होतो, म्हणजे बरा झाला नाही तर विश्वास कमी पडला. एमवाय हॉस्पिटलच्या व्हरांड्यात रात्र काढणाऱ्या आईला असं सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. पण या गोष्टीत जो बरा झाला, त्याच्या विश्वासाबद्दल एक अक्षरही नाही. त्याने मागितलं नाही, त्याला बहुधा काही कळतही नव्हतं. आणि लूक इथे थांबत नाही. लगेच पुढच्या ओळीत (७:११) येशू नाईन गावी जातो. वेशीतून एक तिरडी बाहेर येते आहे: विधवेचा एकुलता एक मुलगा. ती बाई येशूला काही मागत नाही, त्याला ओळखत असल्याचीही खूण नाही, विश्वासाचा उल्लेखच नाही. येशूला तिचा कळवळा येतो, "रडू नकोस" म्हणतो, तिरडीला हात लावतो, आणि मुलगा उठून बसतो.

लूकने या दोन गोष्टी लागोपाठ ठेवल्या आहेत: एकीत इस्राएलातही न आढळलेला विश्वास, दुसरीत विश्वासाचं नावही नाही, आणि दया दोन्हींत सारखीच. तेव्हा तुमचा विश्वास कमी पडला असं कुणी एखाद्या दुःखी माणसाला सांगू लागलं, तर त्याला लूकचा सातवा अध्याय दहाव्या ओवीपाशी न थांबता सतराव्या ओवीपर्यंत वाचून दाखवावा.